घरच्या वाढत्या पुस्तकसंग्रहासाठी कपाट निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली मापं इंच-फुटांत दिली आहेत, कारण सुतार आणि प्लायवाले त्याच मापात बोलतात. फळीची जाडी मात्र सगळीकडे मिलिमीटरमध्येच सांगतात, म्हणून ती तशीच ठेवली आहे. उदाहरणं महाराष्ट्र-गोव्यातली हवा, इथल्या भिंती आणि मराठी पुस्तकांचे नेहमीचे आकार धरून दिली आहेत.

आधी भिंत मोजायची की पुस्तकं?

पुस्तकं. भिंत मोजून कपाट केलं की ते भिंतीला शोभतं, पण पुस्तकं त्यात कोंबावी लागतात. सगळी पुस्तकं एका दुपारी जमिनीवर भिंतीला टेकवून उभी लावा आणि उंचीप्रमाणे तीन गट करा. पहिला गट क्राउन आकाराचा, म्हणजे सुमारे सव्वासात इंच उंच पुस्तकांचा: जुने कथासंग्रह, कवितासंग्रह, नाटकं. दुसरा डेमी, साडेआठ इंच उंच आणि साडेपाच इंच रुंद. आजची बहुतेक मराठी पुस्तकं याच मापाची असतात. तिसऱ्या गटात कोशांचे खंड, चित्रांची पुस्तकं, दिवाळी अंक, नकाशे. प्रत्येक गटाची रांग किती फूट भरते ते टेपने मोजून लिहून ठेवा. कपाटाचा आराखडा या तीन आकड्यांवर उभा राहतो.

पुढच्या वाढीसाठी किती जागा धरायची?

डेमी आकाराची पुस्तकं एका फुटात साधारण १२ ते १५ बसतात. नुसत्या कवितासंग्रहांची रांग असेल तर त्याहून बरीच जास्त, जाड कादंबऱ्यांची असेल तर १० सुद्धा नाही.

समजा आज ६०० पुस्तकं आहेत आणि वर्षाला ६० येतात. आजची रांग ४५ फूट, दरवर्षी साडेचार फुटांची भर, म्हणजे पाच वर्षांनी ६७ फूट. यात पाव हिस्सा मोकळी जागा मिळवा: ८४ फूट. ही मोकळी जागा चैनीची नाही. प्रत्येक फळीवर चार-पाच इंच रिकामे नसतील, तर एक नवं चरित्र त्याच्या जागी लावायला पुढच्या सहा फळ्या सरकवाव्या लागतात. मग माणूस ते पुस्तक आडवं टाकतो आणि तिथून पसारा सुरू होतो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पाचवं सूत्र ग्रंथालय ही वाढत राहणारी सजीव संस्था आहे असं सांगतं. घरच्या संग्रहालाही ते पुरेपूर लागू आहे.

सगळी कपाटं आजच करायची गरज नाही. पण पाचव्या वर्षी लागणाऱ्या कपाटाची जागा आजच ठरवा आणि तिथे फ्रिज किंवा शोकेस येऊ देऊ नका.

कपाटाची डेप्थ किती ठेवावी?

आतून ९ ते साडेनऊ इंच. डेमी पुस्तकाला साडेपाच-सहा इंच पुरतात आणि ए-फोर आकाराचं पुस्तकही सव्वाआठ इंचांचंच असतं. तरीही घरोघरी १५-१८ इंच डेप्थची कपाटं दिसतात, कारण सुताराच्या हाताला कपड्यांच्या कपाटाचं माप बसलेलं असतं. १५ इंचात पुस्तकांची दुसरी रांग उभी राहते आणि मागच्या रांगेतलं पुस्तक कुणी वाचत नाही. तिथे धूळ साचते, हवा खेळत नाही, आणि कसर लागते तीही आधी तिथेच. शिवाय फळीवर वजन दुप्पट येतं. दोन रांगांशिवाय पर्यायच नसेल, तर मागच्या रांगेखाली ४ इंच उंचीचा लाकडी ठोकळा किंवा पाट ठेवा, म्हणजे निदान पुस्तकांची नावं दिसतील.

फळी मध्यभागी वाकते, ती का? आणि किती लांब फळी चालते?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

डेमी पुस्तकांच्या एक फूट रांगेचं वजन ७ ते ८ किलो भरतं. आर्ट पेपरवरच्या मोठ्या पुस्तकांची तेवढीच रांग १५ ते २० किलोंची असते. हे वजन रात्रंदिवस, वर्षानुवर्षं तिथेच असतं. कपडे किंवा भांडी ठेवायला जी फळी चालते, ती पुस्तकांखाली म्हणूनच टिकत नाही.

फळीचा बाक तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. दोन फुटांची फळी तीन फुटांची केली, तर बाक दीडपट होत नाही, पाचपट होतो. चार फुटांची केली तर सोळापट. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो: १८ मिमीऐवजी २५ मिमी फळी घेतली की बाक जवळजवळ एक-तृतीयांशावर येतो. तीन फूट लांबीच्या १८ मिमी चांगल्या प्लायला डेमी पुस्तकांखाली सुरुवातीलाच सुमारे ३ मिमी बाक येतो आणि काही वर्षांत तो दुपटीच्या आसपास जातो, कारण लाकूड सतत वजनाखाली हळूहळू दबत राहतं. पार्टिकल बोर्डात (लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेल्या फळीत) हाच बाक दोन ते तीन पट असतो.

म्हणून आधारांमधलं अंतर असं ठेवा: १८ मिमी पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) असेल तर २ फूट, १८ मिमी प्लाय असेल तर अडीच फूट, २५ मिमी प्लाय किंवा सागवान असेल तर ३ फूट. त्यापुढे गेलात तर मध्ये उभा आधार हवाच. सहा फूट रुंद कपाट मधल्या आधाराशिवाय कितीही महागड्या लाकडाचं केलं, तरी फळ्या झुलणारच. पैसे भारी लाकडात घालण्याआधी लांबी कमी करण्यात घाला. तो उपाय स्वस्तही आहे आणि खात्रीचाही.

आणखी दोन गोष्टी सुताराला आवर्जून सांगा. प्लायच्या वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीच्या दिशेने यायला हवेत. शीट वाचवण्यासाठी फळी आडवी कापली की ताकद बरीच कमी होते. ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेली फळी) लांबीत चांगला ताठ असतो, पण त्यातही आतल्या पट्ट्या लांबीच्याच दिशेने हव्यात. आणि फळी वाकलेलीच असेल, तर पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागवानी पट्टी उभी लावून घ्या. मात्र फळी आधी उलटी करून ती सरळ होईल अशी बसवा, पट्टी त्यानंतर लावा.

८ बाय ४ फुटांच्या एका प्लायमध्ये पुस्तकांचं कपाट होतं का?

होतं, आणि कचराही फारसा निघत नाही. १८ मिमी शीट लांबीच्या दिशेने ९¼ इंचांच्या पाच पट्ट्यांत कापून घ्या. करवतीच्या पात्यात जाणारी जागा धरूनही पाच पट्ट्या बसतात. डेप्थ १० इंच केलीत तर चारच पट्ट्या निघतात आणि जवळजवळ ८ इंचांची पट्टी वाया जाते.

दोन पट्ट्यांतून ८४ इंचांच्या दोन उभ्या बाजू. उरलेल्या तीन पट्ट्यांतून प्रत्येकी तीन, असे २८½ इंचांचे नऊ तुकडे. त्यातले आठ आडव्या फळ्यांसाठी (खालची आणि वरची धरून). नवव्यातून ३ इंच उंच स्कर्टिंग (कपाटाच्या तळाशी, जमिनीलगतची पट्टी) आणि भिंतीला बांधायची मागची पट्टी काढा. उभ्या बाजूंचे फूटभर लांबीचे दोन तुकडे उरतात, ते रांगेला टेकू म्हणून कामाला येतात. पाठीला ६ मिमी प्लाय वेगळा घ्यावा लागतो. पाठ गाळू नका. ती नसेल तर कपाट डावी-उजवीकडे हलत राहतं आणि सांधे ढिले होतात.

कप्प्यांची आतली उंची खालून वर अशी: १३ इंच, १२ इंच आणि मग १० इंचांचे पाच कप्पे. स्कर्टिंग आणि फळ्यांची जाडी मिळवली की ८४ इंच पुरे होतात. कपाट अडीच फूट रुंद होतं, आणि सात कप्प्यांत मिळून साडेसोळा फूट रांग, म्हणजे दोनशे-अडीचशे पुस्तकं मावतात. वरच्या ६०० पुस्तकांच्या उदाहरणात आज चार कपाटं आणि पाचव्याची जागा, असा हिशेब बसतो.

सांध्याला फेविकॉल आणि २ इंची स्क्रू, प्रत्येक टोकाला तीन. आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू, नाहीतर प्लायचे थर उकलतात. फळ्या सरकत्या हव्या असतील तर उभ्या बाजूंना ५ मिमीची भोकं ३२ मिमी अंतरावर पाडून पिना लावतात. तरी मधली एक फळी पक्कीच ठेवा, तिच्यामुळे उभ्या बाजू फाकत नाहीत.

प्लाय कोणता? दुकानात तर सगळेच 'वॉटरप्रूफ' म्हणतात.

शीटवर छापलेलं पाहा. आयएसआय चिन्ह, मानक क्रमांक आणि परवाना क्रमांक हे तिन्ही हवेत. परवाना क्रमांक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) बीआयएस केअर ॲपवर तिथल्या तिथे तपासता येतो. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय: कोकण, गोवा, मुंबई, तळमजला किंवा ओल येणारी भिंत असेल तर हाच. पुणे, नाशिक, नागपूरकडे कोरड्या आतल्या भिंतीला आयएस ३०३ चा चांगला प्लाय पुरतो. शीटची कड नीट पाहा. थरांमध्ये पोकळी दिसत असेल तर ती शीट घेऊ नका, स्क्रू नेमका तिथेच निसटतो.

सागवान घ्यावं का?

बजेट असेल तर जरूर. पण सगळं कपाट सागवानी करण्यापेक्षा प्लायच्या फळ्यांना सागवानी पट्ट्या लावणं जास्त शहाणपणाचं वाटतं. घ्यायचंच तर खोडाच्या बाहेरचा फिकट, पांढरट भाग नको. वाळवी आणि भुंगेऱ्याला टिकतं ते आतलं तपकिरी लाकूड. जुन्या वाड्यांचं उतरवलेलं सागवान मिळालं तर उत्तम, मुरलेलं असल्याने ते फिरत नाही. रंधा मारण्याआधी आतले खिळे मात्र काढून घ्या.

लोखंडी स्लॉटेड अँगलचं रॅक घरात चालेल?

स्लॉटेड अँगल म्हणजे ओळीने भोकं असलेले लोखंडी कोन, ज्यांना पत्र्याच्या फळ्या नट-बोल्टने लावतात. आमच्या मते कमी पैशांत सगळ्यात जास्त पुस्तकं सांभाळणारा पर्याय हाच. वाळवी लागत नाही, फळ्या हव्या त्या उंचीवर लागतात, उघडून दुसऱ्या घरी नेता येतं. भाड्याने राहणाऱ्यांनी हेच घ्यावं. १२ इंच डेप्थ मागा, कारण दुकानदार १५ किंवा १८ पुढे करतो. पत्र्याचा गेज जितका कमी तितका पत्रा जाड: ३ फुटी फळीला २० गेज घ्या, कोशांसाठी १८. कोपऱ्यांना त्रिकोणी पट्ट्या आणि मागे तिरप्या पट्ट्या नसतील तर रॅक डुलतं. फळीची धारदार कड पुस्तकांच्या बांधणीला कापते, म्हणून कड आत दुमडलेलीच फळी घ्या. समुद्राजवळ पावडर कोटिंगचं घ्या. साध्या रंगाचं काही पावसाळ्यांत गंजतं आणि पुस्तकांच्या तळाला तांबडे डाग पडतात.

तयार कपाट घेताना काय पाहायचं?

फळीची जाडी, फळीची लांबी आणि प्रत्येक फळीला कंपनीने सांगितलेलं वजन. बाकी रंगरूप नंतर. फळी १२ किंवा १५ मिमीची आणि ३ फूट लांब असेल तर ते पुस्तकांचं कपाट नव्हे, शोभेच्या वस्तूंचं आहे. पार्टिकल बोर्ड थेट फरशीवर टेकत असेल तर रोजच्या ओल्या पोछ्याने त्याची खालची कड फुगते. खाली प्लॅस्टिकचे पाय लावून घ्या.

कपाट भिंतीला बांधलंच पाहिजे का?

हो. सात फूट उंच आणि सव्वानऊ इंच डेप्थचं कपाट, वर सव्वाशे-दीडशे किलो पुस्तकं. लहान मूल खालच्या फळीवर पाय देऊन चढलं तर ते पुढे येऊ शकतं. कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) पाहिलेल्या राज्यात भूकंपाचा विचारही अस्थानी नाही.

वरच्या बाजूला दोन एल-क्लॅम्प पुरतात, पण ते भिंतीत नीट रुतायला हवेत. विटेच्या भिंतीत प्लास्टर ओलांडून निदान दीड इंच विटेत स्क्रू जायला हवा, म्हणजे अडीच ते तीन इंचांचा स्क्रू लागतो. नव्या इमारतींत भिंती बहुधा एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ठोकळ्यांच्या) असतात. त्या मऊ असतात, म्हणून ड्रिलचा हॅमर बंद ठेवा आणि एएसीसाठीचाच नायलॉन प्लग वापरा. साधा प्लग काही दिवसांत ढिला होतो. कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्यालाही छिद्रं असतात, तिथे लांब प्लग लावा आणि हाताने ओढून पाहा. शेजारशेजारची कपाटं एकमेकांना बोल्टने जोडा. पुढच्या कडेखाली ३-४ मिमीची पाचर दिली की कपाट मागे भिंतीकडे झुकून राहतं.

एवढं वजन स्लॅबला झेपेल का?

भिंतीलगतच्या एका रांगेची काळजी आरसीसी इमारतीत सहसा करावी लागत नाही. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५ नुसार राहत्या खोलीच्या जमिनीसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. १० बाय १२ ची खोली ११ चौरस मीटरची, म्हणजे एकूण २,२०० किलो. दहा फुटी भिंतीला वर सांगितलेली चार कपाटं लावली तर पुस्तकांसह सातशे ते आठशे किलो होतात, आणि तेही बीम-भिंतीजवळ.

पण ग्रंथालयातल्या रॅकच्या दालनासाठी तेच मानक २.२ मीटर उंचीपर्यंत चौरस मीटरला सुमारे ६०० किलो धरायला सांगतं. म्हणून खोलीच्या मध्ये पाठीला पाठ लावून रॅकच्या ओळी उभ्या करायच्या असतील, किंवा जुन्या वाड्यात-चाळीत लाकडी तुळयांवरची जमीन असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. बाल्कनी आणि कॅन्टिलिव्हर भागावर (खाली आधार नसलेल्या, पुढे आलेल्या स्लॅबवर) पुस्तकांची कपाटं ठेवूच नका.

काचेची दारं हवीत की उघडी कपाटं?

नेहमी हाताळली जाणारी पुस्तकं उघड्यावर, दुर्मीळ आणि जुनी काचेआड. काच धूळ अडवते, पण दमट हवा आत कोंडते. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि मुंबई-कोकणात पावसाळाभर ती त्याहून वरच असते. म्हणून काचेच्या कपाटाच्या पाठीला वर आणि खाली इंचभर व्यासाची तीन-चार भोकं ठेवा, आतून बारीक जाळी लावा. पावसाची उघडीप मिळेल त्या दिवशी दारं उघडून पंखा लावा. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फक्त घट्ट बंद कपाटात उपयोगी पडतात. रंग बदलला की त्या गरम करून कोरड्या कराव्या लागतात.

विदर्भ-मराठवाड्यात उलटा प्रश्न असतो. कोरड्या उष्णतेने डिंकाने चिकटवलेल्या बांधणीचा कणा तडकतो. कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, आणि उन्हाळी कूलरच्या झोतात तर अजिबात नको. तो झोत ओलसर असतो आणि थेट पानांत शिरतो.

कोणती भिंत टाळावी?

बाथरूमला लागून असलेली, पाइप जाणारी, आणि नैर्ऋत्येचा पाऊस थेट झोडपणारी बाहेरची भिंत. शंका असेल तर दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी टेप लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला ओल धरली तर ती भिंत नको. दुसरी भिंतच नसेल तर कपाट इंचभर पुढे ओढून बांधा.

जुन्या घरातल्या फडताळात किंवा माळ्यावर पुस्तकं ठेवावीत का?

माळ्यावर नको: उष्णता जास्त, हवा कमी, आणि वर वर्षभर कुणी डोकावत नाही. फडताळ चालेल, पण ते भिंतीच्या पोटात असल्याने ओल आणि वाळवी दोन्ही थेट पुस्तकांपर्यंत येतात. आत मरीन प्लायचं अस्तर लावा, मागे अर्धा इंच पोकळी सोडा, आणि महिन्यातून एकदा सगळ्यात खालचा कप्पा पूर्ण रिकामा करून पाहा.

वाळवी आणि कसर यांचं काय करायचं?

वाळवी जमिनीतून किंवा भिंतीतून मातीच्या बारीक नळ्या करत येते. नळी दिसली की नुसती पुसू नका. भिंत आणि फरशीच्या सांध्यात भोकं पाडून औषध भरणारा पेस्ट कंट्रोलवाला बोलवा, नाहीतर ती दुसरीकडून निघते. फळीवर पिठासारखी भुकटी दिसली तर तो भुंगेरा, आणि तो लाकडातच आहे.

कसर बांधणीतली खळ खाते आणि तिला ओल लागते. हवा कोरडी ठेवणं हाच खरा इलाज. वेखंडाच्या किंवा कडुलिंबाच्या पाल्याच्या पुरचुंड्यांनी किडे लांब राहायला थोडी मदत होते, असलेले मरत नाहीत. डांबरगोळ्या टाळा. त्यांचा वास पानांत मुरतो आणि लहान मुलांच्या घरात त्या धोक्याच्या आहेत.

फुटपाथवरून किंवा रद्दीतून आणलेलं पुस्तक थेट कपाटात ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८-२० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडू नका, नाहीतर पानांवर पाणी धरेल.

दिवाळी अंक कसे ठेवायचे?

उभे ठेवले की ते कमरेत मोडतात. आठ-दहाच्या गठ्ठ्यात आडवे, किंवा कडक पुठ्ठ्याच्या मॅगझिन बॉक्समध्ये वर्षवार उभे. त्यासाठी खालचा १२ इंचांचा कप्पा ठेवा, पण गठ्ठे लावण्याआधी तिथली फळी तपासा: आर्ट पेपरचे अंक असतील तर तिच्यावर नेहमीच्या दुपटीने वजन येतं.

नवं कपाट आलं, आजच पुस्तकं लावू?

थांबा. ऑइल पेंट किंवा पॉलिश हाताला कोरडं लागलं, तरी पूर्ण घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर पुस्तकं लावली तर पुठ्ठे फळीला चिकटतात आणि काढताना तळ सोलला जातो. नव्या प्लायचा उग्र वासही याच काळात कमी होतो. खिडक्या उघड्या ठेवा. मग खालच्या फळीपासून सुरुवात करून वर जा, आणि जड पुस्तकं सगळ्यात खाली लावा. पुस्तकं इतकी सैल ठेवा की शेजारची दोन आत ढकलून मधलं पाठीला धरून काढता येईल. वरच्या टोकाला बोट अडकवून ओढलं की आधी बांधणी फाटते.